उजेडाची दोरी

या मे महिन्यात आमच्या गल्लीत पुन्हा निळे ड्रम बाहेर आले आहेत. नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं, कधी आठव्या. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बोअरची गाडी उभी आहे आणि तिची पांढरी भुकटी सकाळपासून माझ्या पुस्तकांवर बसते आहे. मी फडक्यानं पुसतो, तासाभरात ती पुन्हा बसते. परवा भाचा आला होता. माळ्यावर नजर टाकून म्हणाला, "मामा, हे पाइपाचे तुकडे, ती वायर, ते डबडं, देऊन टाकू भंगारात. आता थोडं पुढं जायला पाहिजे ना तुम्ही."

मी म्हटलं, "चहा घे."

शैला जाऊन दोन हिवाळे झाले. या दोन वर्षांत मला पुढं नेऊ पाहणारी बरीच माणसं भेटली. सगळी चांगली आहेत. त्यांना कसं सांगू की मला तो उन्हाळा आठवतो तो दुःखी व्हायला नव्हे. त्या उन्हाळ्यात मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली आणि ती मला सोडायची नाही.

शैला माझी बायको. हर्सूलकडच्या एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. मी कॉलेजात ग्रंथपाल. ती फर्दापूरजवळच्या एका वस्तीवरची; शाळेला उशीर होऊ नये म्हणून लहानपणापासून पळत गेलेली. माझ्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कारकून. आम्ही बसूनच मोठे झालो. लग्नात तिच्या मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "पाव्हणं वाचतात लई, पण चालतात का?" ती पदराआड हसली होती. मला ते हसणं पुढची पंचवीस वर्षं पुरलं.

त्या साली पाऊस आदल्या वर्षीही झाला नव्हता. हर्सूलचा तलाव तळाला गेला होता आणि लोक त्यातला गाळ ट्रॅक्टरनं नेत होते. शहर मात्र वाढत होतं. जळगाव रोडच्या दोन्ही बाजूंना स्लॅब पडत होते, स्लॅबवर मारायला टँकरचं पाणी येत होतं आणि रस्त्याच्या अलीकडे बायका घागरी घेऊन त्याच टँकरकडे बघत उभ्या असत. उन्हानं डांबर मऊ होई. दुपारी एखादी मोटारसायकल गेली की चाकाचा चरचर आवाज बराच वेळ कानात राही.

आणि अशा उन्हाळ्यात माझ्या सेहेचाळीस वर्षांच्या बायकोनं शंभर मीटर पळायचं ठरवलं.

प्रौढांच्या राज्य स्पर्धेला जायचं तर तिच्या वयोगटात सोळा सेकंदांच्या आत यावं लागे. शाळेला सुटी लागली तसं ती रोज सकाळी शाळेच्याच मैदानावर जाऊ लागली. मैदान म्हणजे मुरूम. एरवी त्यावर पाणी मारायचे. त्या साली कोण मारणार? पाऊल पडलं की धूळ गुडघ्यापर्यंत उठे. तिनं टेपनं शंभर मीटर मोजले, फक्कीनं दोन रेघा ओढल्या. मी शेवटच्या रेघेवर स्टॉपवॉच घेऊन उभा राहायचो आणि वॉचमन पहिल्या रेघेवर लाकडी क्लॅपर वाजवायचा. दोन फळ्या, मध्ये बिजागरी. फट्ट झालं की मी बटण दाबायचो.

पंधरा पॉइंट नऊ. पंधरा पॉइंट आठ. एकदा पंधरा पॉइंट सात.

गल्लीत बातमी पसरली. समोरच्या जाधवकाकू एकदा नळावर म्हणाल्या, "मॅडम, इथं प्यायला पाणी नाय आन तुम्ही घाम काय गाळता?"

"घाम माझा हाये काकू," शैला म्हणाली, "टँकरचा नाय."

तिनं स्वतःवर अर्ध्या बादलीचं बंधन घातलं होतं. पळून आल्यावर ती त्याच अर्ध्या बादलीत अंघोळ करी, त्याच पाण्यात कपडे बुचकळी आणि उरलेलं तुळशीला घाली. धुळीनं केसांचा रंग विटकरी झाला होता. मी कधी म्हटलं की आणखी एक तांब्या घे, तर म्हणे, "काकूंना उत्तर दिलंय मी. आता पाळावं लागंल."

घड्याळाचं प्रकरण निघालं ते जिल्ह्याच्या निवडीची चौकशी करायला गेलो तेव्हा. तिथल्या एका गृहस्थांनी तिची वही पाहिली आणि हसून माझ्याकडे बघत विचारलं, "टाइम कुणी घेतला?"

"मी," मी म्हटलं.

"म्हणजे घरचंच घड्याळ." त्यांनी वही परत दिली. "तसं चालतं हो मॅडम. या वयात पळताय हेच खूप आहे."

परत येताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा ती मागून म्हणाली, "अहो, असं घड्याळ पाहिजे की ज्याला नवरा नसंल."

मी तीन दिवस वाचलं. मला दुसरं काय येतं? कॉलेजच्या ग्रंथालयात इलेक्ट्रॉनिक्सच्या कपाटाकडे मी आजवर फक्त नोंदी करायला गेलो होतो. आता मीच ती पुस्तकं माझ्या नावावर घेतली. कल्पना साधी होती. शेवटच्या रेघेवर एका खांबावरून दुसऱ्या खांबावर लेझरचा किरण सोडायचा. समोर प्रकाश ओळखणारा सेन्सर. पळणाऱ्यानं किरण तोडला की सेन्सरवर अंधार होतो आणि मायक्रोकंट्रोलर मोजणी थांबवतो. सुरुवातीला क्लॅपरच्या दोन फळ्यांना तांब्याच्या पट्ट्या. त्या एकमेकींना भिडल्या की वायरीतून इशारा जातो आणि मोजणी सुरू होते. जुन्या शर्यतींत शेवटी दोरी धरत, तशीच ही दोरी, फक्त उजेडाची, आणि ती धरायला माणूस नाही.

गुलमंडीजवळ शफीभाईंचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. मी पुस्तकात पाहून सेन्सरचं नाव लिहून नेलं होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली. "क्या बना रैं साब? चोर पकड़ने का?"

"घड़ी."

"घड़ी तो सामने के दुकान में मिलती ना."

मी सगळं सांगितलं. त्यांनी माझी चिठ्ठी बाजूला सारली आणि डब्यातून दुसराच काळा, मुगाएवढा दाणा काढला. "तुमने लिखे वो सुस्त रैता साब. अंधेरा हुआ तो सोच के बोलता, हुआ क्या. दौड़ के वास्ते नक्को. ये लेव. ये जल्दी का है." मग वायर मोजता मोजता त्यांनी विचारलं, "दौड़ता कौन है? बेटा?"

"बीवी."

शफीभाईंनी मोजणं थांबवलं. "फिर तो बरोबर बनाव," ते म्हणाले. "गलत बताए तो खाना नई मिलेगा."

सोल्डरचा डाग द्यायला मी त्या उन्हाळ्यात शिकलो. पंखा लावला की डाग लवकर गार होऊन कच्चा राहायचा, म्हणून पंखा बंद. घामाचे थेंब बोर्डावर पडत. शैला दारात उभी राहून पदरानं वारा घाली तो फक्त माझ्या मानेला, बोर्डाला नाही. ते तिला बरोबर जमे. प्रोग्रामच्या ओळी मी वहीत शाईनं लिहून मगच टाइप करायचो. ती म्हणायची, "कविता करताय का?"

पहिल्या दिवशी मैदानावर काहीच चाललं नाही. सकाळी साडेसातलाच ऊन असं की सेन्सरला लेझर दिसेना. त्याच्या दृष्टीनं सगळीकडेच उजेड. ढग नावालाही नव्हता. मग आम्ही नळाच्या पाइपाचा वीतभर तुकडा घेतला, आतून काळा रंगवला आणि सेन्सर त्याच्या तळाशी बसवला. विहिरीतून दिसावा तसा त्याला आता तेवढाच एक लाल ठिपका दिसू लागला. तुकडा कापून देणारा प्लंबर म्हणाला, "बरं झालं, पाइपात कायतरी आलं."

दुसऱ्या अडचणीला नाव होतं वावटळ. मैदानाच्या कोपऱ्यातून ती उठे, गिरक्या घेत येई आणि शैलाच्या आधी रेघ ओलांडी. एकदा धुळीनं किरण तोडला आणि यंत्राच्या डब्यावर आकडा थांबला, नऊ पॉइंट दोन. शैला अजून साठ मीटरवर होती. तिनं येऊन आकडा वाचला, कमरेवर हात ठेवले, धापा टाकत म्हणाली, "पेपरात द्या. जगात पहिली आले."

मग एकावर एक असे दोन किरण केले, छातीच्या उंचीला, टीचभर अंतरानं. दोन्ही एकदम तुटले तरच मोजणी थांबेल. पुढं आलेल्या हातानं एक तुटतो, माणसाच्या छातीनं दोन्ही. धूळही मग क्वचितच फसवी. नियमही छातीचाच आहे, हे मला तिनं सांगितलं. हात पुढं टाकून कुणी जिंकत नाही.

आणि एका सकाळी सगळं जुळलं. आता क्लॅपर माझ्याकडे होता. मी फट्ट केलं आणि ती गेली. याआधी मी कायम शेवटच्या रेघेवर असायचो, ती माझ्याकडे येताना बघायचो. या यंत्रामुळे माझी जागा बदलली. आता मला तिची पाठ दिसे. विटकरी केसांची लहान होत जाणारी गाठ, मागे उरलेली धूळ, धुळीपलीकडे ती थांबलेली. आकडा आधी तिला कळायचा. मला शंभर मीटर चालत जावं लागे.

त्या सकाळी मी चालत गेलो तर ती डब्यासमोर बसली होती.

सोळा पॉइंट एकतीस.

"बिघडलंय का?" तिनं विचारलं.

बिघडलं नव्हतं. मी घरी जाऊन कागदावर मांडून पाहिलं. आवाजाला शंभर मीटर यायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. वेळ घेण्यात मुरलेला माणूस फळ्या मिटताना बघतो, आवाजाची वाट बघत नाही. मी सूर्याकडे तोंड करून उभा असायचो, डोळे बारीक करून, कानांवर विसंबून. म्हणजे ती निघून गेल्यावर माझं घड्याळ सुरू होई. आणि शेवटी, ती रेघेजवळ आली की माझा अंगठा तिच्याआधी धावे. दोन्ही टोकांना मी तिला थोडं थोडं देत होतो आणि मला पत्ताही नव्हता.

मी तिला हे सांगितलं तेव्हा वाटलं, रडेल. ती शेंगा सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "म्हणजे मी सोळाच्या आत कधीच नव्हते."

"नाही."

"बरं झालं कळलं. किती राहिले? एकतीस शतांश. चला."

पुढचे तीन आठवडे मी विसरणार नाही. सोळा पॉइंट बावीस. एकोणीस. चौदा. पुन्हा एकोणीस. ती सुरुवातीचे दहा मीटरच वीस-वीस वेळा करी. खाली बघून निघायची, मान उशिरा वर आणायची. शाळेची भिंत, भिंतीवरचे कावळे, कावळ्यांची उघडी चोच, चितेगावच्या कंपन्यांच्या बस माणसं भरून जाताना येणारा हॉर्न. चौदावर येऊन ती अडकली. रोज चौदा, पंधरा, चौदा. आपला टाइम लिहून स्पर्धेचा फॉर्म भरायला चार दिवस उरले. रोज चालत जाताना मी तिचे खांदे बघायचो. ते मला आकड्याच्या आधी उत्तर देत. त्या खांद्यांचं मला बघवेना.

मी प्रोग्राम उघडला. एक ओळ वाढवली. येणाऱ्या उत्तरातून वीस शतांश वजा.

मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो की मी चोरी केली नाही. हातानं घेतलेला टाइम त्या फॉर्मवर चालत होता, सगळे तोच टाकत होते, आणि त्या टाइमात असा फरक असतोच. मी फक्त यंत्राला माणसासारखं वागायला शिकवलं. ग्रंथपाल माणसाला पटण्यासारखं कारण नेहमी सापडतं.

सकाळी ती पळाली. मी चालत गेलो, मुद्दाम सावकाश. डब्यावर पंधरा पॉइंट शहाण्णव होतं. ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

"झालं की!" मी म्हटलं.

"काय केलंत?"

"मी काय करणार? मशीन—"

"सत्तर मीटरला माझा पाय वाकडा पडला. मी आज रोजच्यापेक्षा वाईट पळाले. मशीन नाय सांगत हे. तुम्ही सांगताय."

खोटं बोलायला लागणारी तयारी माझी शंभर मीटरमध्ये झाली नव्हती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. "मला आयुष्यभर सगळे शाब्बास म्हणत आलेत. बाईमाणूस असून शाब्बास, खेड्यातली असून शाब्बास, या वयात शाब्बास. एकाला पण मी खरंच किती पळते ते बघायचं नव्हतं. म्हणून हे केलं ना आपण? तुम्ही पण त्यांच्यातलेच व्हय?"

तिनं डबा उचलला, माझ्या हातात दिला आणि पायी घरी गेली. दोन दिवस घरात फक्त पाण्यापुरतं बोलणं झालं. नळ आला. ड्रम भरला. झाकण लाव.

मी ती ओळ काढली. वहीतल्या शाईच्या प्रोग्रामवर तारीख घालून खाली लिहिलं की मध्ये बदल केला होता, तो काढला. तिच्यासमोर वही ठेवली. तिनं सगळ्या ओळी बोट ठेवून वाचल्या. त्यातलं तिला काही कळत नव्हतं. वाचून झाल्यावर म्हणाली, "उद्या सकाळी सहाला."

ती शेवटची सकाळ. फॉर्मची मुदत त्याच दिवशी दुपारी संपत होती. वारा पडलेला होता. मी फळ्या मिटल्या आणि ती गेली. ते पळणं मी डोळे मिटून आजही पाहू शकतो. मान उशिरा वर आली. धूळ एका सरळ रेघेत उठली. मी शंभर मीटर चाललो नाही. लग्नानंतर पहिल्यांदा पळालो. ती डब्यापाशी उकिडवी बसली होती आणि तिचे खांदे मला वाचता आले नाहीत.

सोळा पॉइंट झिरो चार.

"परत एकदा पळतेस?" मी विचारलं. "वेळ आहे अजून."

"नाय. आता यापेक्षा जास्त माझ्यात नव्हतं. हे माझं हाये."

तिनं फॉर्मवर तेच लिहिलं. दुपारी फोन आला, त्याच गृहस्थांचा. मी शेजारी बसून ऐकत होतो. त्यांचा आवाज मोठा होता.

"मॅडम, हाताचा टाइम टाका ना. सगळे टाकतात. मी दुरुस्त करून घेतो इथं."

"माझा टाइम सोळा पॉइंट झिरो चार हाये."

"अहो, चार शतांशानं कुणाचं काय अडतंय?"

"तुमचं नाय अडत. माझं अडतं."

"मग बसत नाही तुम्ही."

"नाय बसत तर नाय बसत," ती म्हणाली, फोन ठेवला आणि तुळशीला पाणी घालायला गेली. त्या वर्षी ती स्पर्धेला गेली नाही. पुढच्या वर्षी गुडघा दुखू लागला. सोळाच्या आत ती कधीच पळाली नाही.

लोकांना ही गोष्ट अपयशाची वाटते. मी सांगायला लागलो की ते शेवटाला काहीतरी जोडायला बघतात. मग पुढं तिच्या विद्यार्थिनी चमकल्या असतील ना? असतील. मला माहीत नाही. ती त्यांच्यासाठी पळत नव्हती.

आजारपणात तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, किती महिने. ते म्हणाले, आपण सकारात्मक राहू. ती म्हणाली, "सकारात्मक मी हायेच. तुम्ही आकडा सांगा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान हलवून गप्प राहा असं सुचवणं मला सोपं होतं. मी म्हटलं, "सांगा त्यांना." एकदा चुकलो होतो, दुसऱ्यांदा चुकलो नाही. त्यांनी सांगितलं चार ते पाच. तिनं बोटांवर मोजलं आणि घरी येऊन गव्हाचं पोतं अर्धंच आणायला सांगितलं.

ती गेल्यावर सगळ्यांनी मला तिचं आयुष्य आकड्यासारखं गोल करून द्यायला सुरुवात केली. सुटली बिचारी. सोन्यासारखा संसार झाला. देवाला चांगली माणसं आवडतात. काही म्हणाले, ती इथंच आहे, तुमच्या आजूबाजूला. ती इथं नाही. ती त्रेपन्नाव्या वर्षी गेली, तिला सत्तरीपर्यंत जगायचं होतं आणि आमचा संसार सोन्यासारखा नव्हता. त्यात दोन दिवसांचा एक अबोला असा होता की त्याची मला आजही लाज वाटते. मला हे सगळं जसंच्या तसं हवं आहे. माझ्या दुःखातून कुणी वीस शतांश वजा करू नयेत.

तिच्या शाळेनं शोकसभा ठेवली. हॉलमध्ये सतरंज्या, पुढं फोटो, हार. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, शेजारी भाचा. नव्या मुख्याध्यापिका तिला फारशा ओळखत नव्हत्या, पण मनापासून बोलत होत्या. कागद बघून म्हणाल्या, "शैलाताईंची जिद्द एवढी, की पंचेचाळिशी ओलांडल्यावरही त्या शंभर मीटर पंधरा सेकंदांत पळत."

हॉलमध्ये हळहळ उमटली.

मी उठून उभा राहिलो. मी सभेत कधी बोललेला माणूस नाही. भाच्यानं सदऱ्याचं टोक ओढलं. "मामा, बसा. चांगलंच बोलतायत ना त्या."

"पंधरा नाही," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "सोळा पॉइंट झिरो चार."

बाई गडबडल्या. "हो सर, म्हणजे जवळपास—"

"जवळपास नाही. सोळा पॉइंट झिरो चार. तेवढंच तिचं होतं. त्यासाठी ती आख्खा उन्हाळा पळाली."

सगळे माझ्याकडे बघत होते. दुःखानं माणूस बिघडतो, असं बऱ्याच चेहऱ्यांवर दिसलं. दिसू दे. मी उभाच राहिलो.

मुख्याध्यापिकांनी चष्मा नीट केला. टेबलावरचं पेन घेतलं, कागदावरचा शब्द खोडला, वर काहीतरी लिहिलं. मग घसा साफ करून त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि आकड्याशी आल्यावर प्रत्येक अंक सुटा करून, सावकाश म्हटला. मी खाली बसलो.